दगडांच्या राशीखाली कोण

कलोकोल, ४ जून

एसेकोनदादा,

हे पत्र तुला दुकानदार लोकोल वाचून दाखवत असणार, म्हणजे दुकानात पीठ घ्यायला आलेले सगळेच ऐकत असणार. तेव्हा आधी सगळ्यांना एजोक. लोकोल, तुलाही. घसा खाकरून वाच, मागच्या वेळेसारखं निम्मं गिळू नकोस.

फोन केला असता. पण माझा आवाज ऐकला की तू ‘नेटवर्क नाही’ असं ओरडून फोन ठेवतोस. नेटवर्क नसताना तुझं ओरडणं मला कसं ऐकू येतं, ते एकदा सांग.

मी आता किटालेत नाही. टोमॅटोचं काम सुटलं. मग एल्डोरेटला बायकांच्या वेण्या घातल्या. मग एक ट्रकवाला भेटला, तो तळ्यावर मासेवाल्यांसाठी बर्फ आणत होता. एवढ्या उन्हातून बर्फ तळ्यापर्यंत पोचतो कसा, हे मला बघायचं होतं, म्हणून मी चढले. पोचत नाही, दादा. भुशात गुंडाळतात, ताडपत्री टाकतात, तरी लोडवारपर्यंत निम्म्याचं पाणी होतं आणि ड्रायव्हर ते पाणी विकतो. तर असं करत मी कलोकोलला आले, तुझ्या भाषेत सांगायचं तर वाऱ्यावर.

सध्या दगडी माणसांकडे कामाला आहे. तेच, लहानपणी ज्यांच्या डोक्यावर आपण येताजाता खडे ठेवायचो. थोरली आई सांगायची की हे नाचणारे लोक होते, पाहुण्याला हसले आणि उभ्याउभ्या दगड झाले. नैरोबीहून केमुंतोबाई आल्यात, त्या म्हणतात की नाचणारे वगैरे कोणी नाहीत, हे खांब आहेत. पाच हजार वर्षांपूर्वी या भागात जे पहिले शेळ्यामेंढ्यावाले आले, त्यांनी ते लांबून आणून उभे केले. मी विचारलं, कसे आणले? त्या म्हणाल्या, तू सांग. मी दिवसभर विचार केला. उंट तर तेव्हा इथे नव्हते म्हणे. माणसांनीच ओढले असणार. पण ओढणाऱ्यांना जेवायला कोण घालत होतं?

खांबांच्या मध्ये वाळूत मोठा खड्डा आहे आणि खड्ड्यात माणसं. शेकडो. मी चाळण धरते आणि पिशव्यांवर नावं लिहिते. सातवीपर्यंतची शाळा शेवटी कामाला आली. आपल्यात गुरांच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत पुरतात ते घरच्या कर्त्याला, नाहीतर जिच्या पोरांची लग्नं झाली अशा आईला. बाकीच्यांना रानात ठेवत. या लोकांत तसं नाही. म्हातारे, बाया, तान्ही पोरं, सगळी एकाच जागी, आणि तान्ह्याच्याही गळ्यात मणी. एकाच्या अंगावर तर उंदराएवढ्या प्राण्याच्या दातांचं काहीतरी होतं, मूठभर बारीक दात, ओळीने. एवढे उंदीर कोणी पकडले असतील? कर्ता कोण होता, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तेच तर सापडत नाही.

हां, त्यावरून आठवलं. आपाला नक्की कुठे ठेवलंय? सहज विचारते. तो गेल्यावर मी घरी आले तेव्हा माझ्या लाल वेण्या बघून तू म्हणालास, ‘ज्यांनी बापासाठी डोकं भादरलं नाही त्यांना जागा कशाला हवी?’ मला खबरच महिन्याने लागली होती, तर वेण्या कोणासाठी काढणार? ते असो. दुकानात बसलेल्यांना आपलं भांडण कशाला.

उत्तर बर्फाच्या ट्रकवाल्याकडे दे.

नारोत

कलोकोल, २१ जून

दादा,

तुझा निरोप मिळाला. ‘तळ्यात मासे आहेत, ते खा म्हणावं.’ ड्रायव्हरने तुझा आवाज काढून सांगितला, नाकातला. सगळे हसले. मीही हसले.

आता खरं सांगते, सहज विचारलं नव्हतं.

खांबांच्या रिंगणाबाहेर, वरच्या उंचवट्यावर दगडांची एक वेगळी रास आहे. बसलेल्या उंटाएवढी. मोठा खड्डा संपत आला की बाईंना ती उघडायची आहे. त्यांनी आधी रीतसर विचारलं. चीफने झाडाखाली सभा बोलावली, चहा केला, वडीलधाऱ्यांना विचारलं, ‘ही रास कोणाची?’

एक म्हातारा म्हणाला, “दगडी माणसांची.”

दुसरा म्हणाला, “त्यांच्या शेळ्यांची असेल.”

“तुझ्या सासऱ्याची नाही ना, बघ,” तिसरा म्हणाला. “मागच्या दुष्काळात तो गेला तो परत दिसला नाही.”

“तो कंपालात आहे! दुसरी बायको करून!”

यात सभा संपली. कोणाचीच नाही असं ठरलं. मी गप्प बसले. कारण आदल्या दिवशी आखणीची दोरी बांधायला मी वर गेले होते, तेव्हा एका चपट्या दगडाखाली तंबाखू दिसली, मेलेल्या माणसासाठी ठेवतात तशी. पानं. काही पार भुगा झालेली, पण वरची अजून वास देणारी. पाच हजार वर्षांची तंबाखू वास देत नाही, दादा. तिथे कोणीतरी येतं. आणि ज्याचं माणूस तिथे आहे तोच येणार.

आपा गेला तेव्हा तुमचं वाडगं इथेच कुठेतरी होतं, एवढं मला धाकट्या आईकडून माहीत आहे. बरोबर जागा ती सांगत नाही. म्हणते, थोरल्याला विचार, मी चूल बांधत होते.

तुला वाटेल मी घाबरले. घाबरले आहेच. पण खोटं कशाला बोलू, त्या राशीत काय आहे ते बघायची मला खाजही आहे. बाप असेल का म्हणून झोप लागत नाही, आणि बाप नसेल तर मग कोण, म्हणूनही लागत नाही. इथे रोज एक नवीन गोष्ट निघते. काल एक अंगठी निघाली, बाई म्हणाल्या की हिप्पोच्या दाताची. मी ती बोटात घालून बघितली. (लोकोल, हे वाचलंस तर वाचलंस, पण ट्रकवाल्याला सांगू नकोस, तो बाईंना सांगेल.)

तर दादा, एकच विचारते. उंचवट्यावरची रास आपाची आहे का? हो किंवा नाही, एवढंच पाठव. माशांबद्दल काही नको.

नारोत

कलोकोल, ९ जुलै

दादा,

लोकोलच्या अक्षरात चिठ्ठी आली. ‘हो. आपाच आहे. हात लावायचा नाही.’

मी ती तशीच केमुंतोबाईंसमोर धरली. त्यांनी विचारलं, “तुझे वडील?” मी म्हटलं, “हो.” मग त्या स्वतः वर गेल्या, खुंट्या उपटल्या, सुतळी गुंडाळली आणि खाली आल्या. म्हणाल्या, “सभेत का बोलली नाहीस?” मी म्हटलं, “तेव्हा माहीत नव्हतं.” हे खरंच होतं.

राशीसाठी ज्या बाया ठेवणार होते त्यांचं काम गेलं. नाकोनी त्यातली एक. माझ्याच तंबूत झोपते, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. सकाळी उठल्यापासून चालू: “काय गं, तुझ्या बापाला झोपायला दुसरीकडे जागा नव्हती? बरोबर बाईंच्या दोरीत येऊन झोपला. मोठ्या लोकांचा शेजार हवा होता काय त्याला?” मी म्हटलं, “तो आयुष्यभर दुसऱ्याच्या चाऱ्यावरच शेळ्या चारायचा.” मग ती हसली आणि तिने मला चहा दिला. चिडलेली आहे, पण चहा देते.

लोकोल, इथून पुढचं मोठ्याने वाचायचं नाही. दुकानातल्यांना बाहेर काढ, नाहीतर दादाला मागे उंटांकडे घेऊन जा. मी खरंच सांगते. नाही ऐकलंस तर तुझ्या वजनाच्या दगडांबद्दल मला जे माहीत आहे ते पुढच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहीन.

दादा, धाकट्या आईला मी परत विचारलं. ती म्हणाली की आपा गेला त्या रात्री वाडग्यात हिप्पोंचे फुत्कार ऐकू येत होते, शेळ्या बिथरतील म्हणून तुम्ही काटे दुप्पट रचले होते. मी काल संध्याकाळी राशीपाशी जाऊन बसले. हिप्पो काय, बेडूकही ऐकू आला नाही. पाणी तिथून लांब आहे. आणि हे आता, तळं एवढं वर चढल्यावर. तेव्हा तर ते अजून खाली होतं.

मी तुला खोटं पाडत नाही. मला फक्त समजत नाही. जागा माहीत असलेला माणूस दुसरीच जागा का सांगेल?

तू तर तंबाखूही तिथेच ठेवतोस. तूच ना?

नारोत

कलोकोल, २८ जुलै

दादा,

तू परत घरी पोचला असशील. न पोचता वाटेत कोणाच्या तरी बैलाचं कौतुक करत बसला असशील, तर हे पत्र तुझ्याआधी पोचेल. लोकोल, मागे उंटांकडे जा.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. खांद्याला बसायचं लाकूड, हातात काठी, बरोबर एकही शेळी नाही. मी लांबून बघितलं आणि म्हटलं, कोणीतरी गेलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. सरळ वर जाऊन राशीपाशी लाकूड टेकवून बसलास. मी चाळण टाकून मागे आले, तर तुझं पहिलं वाक्य काय? “केस कधी कापलेस?”

“गरम होत होतं,” मी म्हटलं.

“हं.”

मग तू काठी तळ्याकडे केलीस. पाण्यात ती मेलेली ताडाची खोडं उभी आहेत, तिकडे. म्हणालास, “तिथे असेल. नाहीतर इथे.”

दादा, मी त्यावर हसले होते ते तुला लागलं असेल. मी तुला हसले नाही. चार वर्षं मी समजत होते की तू जागा दाबून ठेवली आहेस. आणि तुझ्याकडे दाबायला काही नव्हतंच! पुरलं, त्याच सकाळी रीतीप्रमाणे वाडगं हलवलं, चारा शोधत कायकोरपर्यंत गेलात, तुला ताप, गुरं मरतायत. वर्षाने परत आलास तर तळं चढलेलं, किनारा तो नाहीच, वाडग्याचे काटे मच्छीमारांनी सरपणाला नेलेले. पाण्याबाहेर एकच रास उरलेली, म्हणून तू तिथे बसलास. “माणसाला कुठेतरी बसावं लागतं,” असं म्हणालास. नंतर वाटायला लागलं की हीच असेल. तापात तू चढ चढला होतास की उतरला होतास, तेही तुला आठवेना.

मग मला सांगायची लाज वाटली तुला. ज्या बहिणीला हाकललं तिलाच कसं सांगायचं की जागा मलाही ठाऊक नाही?

केमुंतोबाईंना तू जे विचारलंस ते मी अजून घोळवते आहे. “बाई, पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचा पत्ता तुला लागतो. माझ्या बापाचा चार वर्षांत हरवला. हे कसं?”

त्या म्हणाल्या, “त्यांनी खांब उभे केले. तुम्ही वाडगं हलवलं.”

“हलवावं लागतं.”

“माहीत आहे. माझ्या आजोळी घरातच पुरतात. घर विकलं की आजी दुसऱ्याची.”

तू गेल्यावर मी त्यांना विचारलं, हे लोकही शेळ्यावालेच ना, मग यांनी का नाही हलवलं? त्या म्हणाल्या की खांब उभे राहिले तेव्हा तळं आटत होतं. पाणी मागे, चारा मागे, माणसं पांगत चाललेली. कदाचित म्हणूनच त्यांना एक तरी जागा हवी होती, जी हलणार नाही. जो जिथे असेल त्याने आपलं माणूस इथे आणायचं. नक्की माहीत नाही, म्हणाल्या, हा अंदाज आहे. त्यांच्या वेळी तळं पळत होतं, आपल्या वेळी ते अंगावर येतंय. मला वाटलं, त्या लोकांना भेटायला हवं होतं. खूप विचारायचं आहे.

तर तुझ्या शब्दाप्रमाणे पुढच्या आठवड्यात रास उघडतोय. तू म्हणालास, “आपा असेल तर झाका. नसेल तर लिही. मी थांबणार नाही, बापाचं उघडं तोंड मला बघायचं नाही.” बाईंनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. चीफसमोरही विचारलं. तू हो म्हणालास.

पण दादा, आत्ता तुला बसायला जागा तरी आहे. ती आपाची नाही असं निघालं तर तीही गेली. विचार बदलला असेल तर ट्रकवाल्याकडे सांग. मी बाईंसमोर उभी राहून थांबवीन. नाकोनी मला मारेल, पण थांबवीन.

नारोत

कलोकोल, ११ ऑगस्ट

दादा,

तुझा निरोप आला नाही, म्हणून उघडली.

लोकोल, उंटांकडे. आणि दादाला आधी खाली बसव.

आपा नाही.

आधी हेच लिहिते, म्हणजे तू उगाच थांबून राहणार नाहीस. आता कसं कळलं ते सांगते. वरचे दगड मी आणि नाकोनीने एकेक करून उचलले, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडून ठेवले. खाली वाळू, वाळूत पुन्हा दगड, लहान. मग गुडघा दिसला. बाईंनी माझ्या हातातला ब्रश स्वतःकडे घेतला. माणूस कुशीवर होतं, गुडघे पोटाशी, झोपल्यासारखं. मी डोळे मिटून बसले होते. नाकोनीने मला कोपर मारलं. “अगं, दात बघ.”

खालचे पुढचे दात, दादा. सगळे जागेवर! आपाचे ते दोन लहानपणीच काढलेले, आपल्या सगळ्यांचे काढतात तसे. त्या फटीतून तो कसा पचकन थुंकायचा, बैलाच्या शेपटीवरची माशी उडायची. या माणसाला फट नव्हती.

मी रडायला लागले, ते आपा नाही म्हणून की काय, मला सांगता येणार नाही. मग बाईंनी कमरेचं हाड बघितलं आणि म्हणाल्या, “ही बाई आहे. वयस्कर.”

म्हातारी, दादा! इतकी वर्षं तू एका म्हातारीला तंबाखू देत होतास. आणि कशी म्हातारी! गळ्यात हिरव्यानिळ्या दगडांचे मणी, गळाभर, दोरा कुजून गेला तरी मणी ओळीतच. नाकोनी म्हणाली, “एवढे मणी घातल्यावर कोणीही तंबाखू देईल.” मी बाईंना विचारलं, हिने जिवंतपणी तंबाखू खाल्ली असेल का? त्या म्हणाल्या, शक्यच नाही, तंबाखू आपल्याकडे समुद्रापलीकडून आली, अगदी अलीकडे. म्हणजे बिचारीला मेल्यावर चव लागली, आणि ती लावली तू.

तिला हलवायचं नाही असं ठरलं. बाईंनी मोजलं, फोटो घेतले, थोडी वाळू आणि हाडाचा एक तुकडा घेतला, तोही चीफला विचारून. मग आम्ही दगड होते तसे परत रचले. मी तू ठेवून गेलेली पानं पुन्हा चपट्या दगडाखाली ठेवली. नाकोनी ओरडली, “आता कशाला? बाप नाही ना तो?” मी म्हटलं, “सवय लागलेल्या म्हातारीची तंबाखू एकदम कशी बंद करायची?” स्वतःच्या कमरेची अर्धी चिमूट काढून तिनेही ठेवली.

आता पुढचं, आणि हे नीट ऐक.

मला राहवलं नाही. तू काठीने दाखवलीस ती ताडाची खोडं. रविवारी काम नसतं, मी एकाल नावाच्या मच्छीमाराची होडी घेतली. त्याला म्हटलं, खोडांपाशी ने. तो म्हणाला, “तिथे नको. तिथे जाळं फाटतं.”

“का फाटतं?”

“खाली दगड आहेत. एकाच जागी. बाकी सगळीकडे नुसती वाळू, आणि तिथेच कोणा मूर्खाने दगड टाकून ठेवलेत. माझी दोन जाळी गेली.”

दादा, तुला मी काय सांगू. मी होडीत ताडकन उभी राहिले. तो म्हणाला, “बस खाली, मगरीला वाढदिवसाचं जेवण द्यायचंय का?” मी बसले. खोडांच्या जरा अलीकडे त्याने होडी धरून ठेवली आणि मी त्याचा बांबू पाण्यात सोडला. वाळू. वाळू. वाळू. मग ठक्. चारी बाजूंनी टोचून बघितलं. लांबट आहे, मधे उंच, कडेला उतरता. माणूस झाकायला लागतो तेवढा. खोडांपाशी होडी थोडी लोटली की हिप्पोंचं वाडगंच आहे, त्यांचे फुत्कार अंगावर येतात. धाकटी आई म्हणाली होती तसेच.

केमुंतोबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाण्याखालचं मी काही खात्रीने सांगणार नाही. नकोच सांगू देत. तिथे कोणी उघडून बघणार नाही आणि मलाही बघायचं नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कशाबद्दल तरी म्हणते आहे.

तंबाखू टाकली तर ती तरंगत निघून गेली. एकाल हसून हसून पडला. म्हणाला, “तुझ्या बापाने नको म्हटलं.” मग मी पानं चिंधीत गुंडाळली, चिंधीला दगड बांधला आणि बांबूच्या बाजूने सोडली. ती खाली गेली. थोडे बुडबुडे आले. एकालला मी सांगितलं की तुझी जाळी फाडणारा माझा बाप आहे. तो म्हणाला, “तरीच. सुखाने कोणाला जाऊ देत नाही.” ओळखत नसताना त्याने आपाला बरोबर ओळखलं!

मी सप्टेंबरपर्यंत इथे आहे. पुढे कुठे, ठरलं नाही. बाईंची एक मैत्रीण इथियोपियात खांब मोजते, तिकडे ट्रक जातात का ते बघते आहे. पण तोवर आहे. शेळ्या धाकट्या आईकडे सोड आणि ये. होडीत बसायची तुला भीती वाटते हे मला माहीत आहे, एकालला सांगून ठेवलंय, तो हसणार नाही.

ये दादा. आपाची जागा मी दाखवते.

नारोत